पाण्याचा ताळेबंद

१९७२चा दुष्काळ ज्यांनी भोगला, त्यांना दुष्काळी कामांवरच्या सुकडीची चव आणि खडी फोडणारे हात अजून आठवतात. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार त्या दुष्काळानं पार खचलं. विहिरी आटल्या, माणसं पोटासाठी बाहेर पडली, मागे उरली भांडणं आणि दारू. पुढे पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव श्रमदानाला उभं राहिलं. डोंगरउतारावर चर खोदले, झाडं लावली.

पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते गावानं स्वतःला घातलेलं बंधन. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. दरवर्षी झालेला पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी, मग उरेल त्यावर पिकं. विहीर माझ्या रानात, पण तिच्या तळाचं पाणी साऱ्या गावाचं, हे मान्य करायला किती मोठं मन लागलं असेल! राखलेल्या डोंगरावर गवत वाढलं, गोठ्यात दूध वाढलं. आणि पोटासाठी बाहेर पडलेली कुटुंबं एकेक करून आपल्या शिवारात परतली.