शिडी धरणाऱ्याचा दोष किती?

नोकरी करणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. साहेबांनी सांगितले आणि आपण केले. ते चुकीचे होते हे आपल्याला ठाऊक होते. मग दोष कोणाचा? सांगणाऱ्याचा, की करणाऱ्याचा?

आपल्या भागातील बहुतेक घरांची चूल नोकरीवर पेटते. कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करतो, कोणी अणुवीज केंद्रात कंत्राटदाराकडे आहे, कोणी पहाटेची गाडी पकडून मुंबईला जातो. त्यामुळे हा प्रश्न पुस्तकातला नाही. तो आपल्या जेवणाच्या डब्याबरोबर रोज कामावर जातो. आम्हांला तो एका वकिलांच्या कार्यालयात भेटला. इतकी वर्षे झाली तरी त्याने आमची पाठ सोडलेली नाही, म्हणून आज तो तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

गोष्ट १९९० नंतरच्या काही वर्षांतली. पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २०१४ साली, १ ऑगस्टला. त्यापूर्वी आपण ठाणे जिल्ह्यात होतो आणि आमच्या कार्यालयातून अपिले ठाण्याला जात. पालघरला स्टेशनजवळ एका वकील-फर्ममध्ये आम्ही टायपिस्ट म्हणून लागलो आणि हळूहळू कारकुनाचीही कामे अंगावर आली. कोर्टातून तारखा आणणे, नकलांसाठी अर्ज करणे, पक्षकारांना बसवून ठेवणे, हे सगळे आमच्याकडे. फर्ममध्ये तीन भागीदार होते. एक कार्यालय पालघरला, दुसरे बोईसरला. कारखान्यांची कामे बोईसरला आणि जमिनीची पालघरला, अशी वाटणी ठरली होती. प्रत्यक्षात फाईल कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसे. पालघरला विचारले की "बोईसरला असेल" आणि बोईसरला विचारले की "पालघरला पाठवली" हेच उत्तर ठरलेले.

तिन्ही साहेब हुशार होते आणि मनाने वाईट नव्हते. आमच्या घरी आजारपण आले तेव्हा थोरल्या साहेबांनी न मागता पैसे दिले होते. पण कार्यालय कसे चालते याकडे लक्ष द्यायला कोणालाच वेळ नव्हता. एक साहेब सांगत, हे आधी कर. दुसरे सांगत, ते ठेव, हे घे. तारखांची एक वही नव्हती, तीन होत्या आणि तिन्ही अर्धवट. पगार कधी दहा तारखेला, कधी वीस तारखेला. एखादी तारीख चुकली की मात्र तिघांचेही बोट एकाच दिशेला वळे.

मनोरच्या बाजूचे एक म्हातारे आदिवासी बाबा आमचे पक्षकार होते. जमिनीचा दावा पालघरच्या कोर्टात त्यांच्या विरुद्ध गेला. अशा निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला मुदत तीस दिवसांची, आणि नक्कल मिळायला लागणारे दिवस त्यातून वजा होतात. नक्कल आली. ती पालघरच्या टेबलाच्या खणात राहिली, कारण फाईल बोईसरला होती. बाबा दोनदा येऊन गेले. "साहेब कोर्टात आहेत, काम चालू आहे," असे आम्ही दोन्ही वेळा सांगितले. काम चालू नव्हते. मुदत टळून महिना झाला, तेव्हा कोणाच्या तरी हाताला ती नक्कल लागली.

मग विलंब माफ करावा असा अर्ज तयार झाला. उशिराचे कारण काय लिहायचे? साहेबांनी सांगितले, "पक्षकार आजारी होता असे लिही. कावीळ झाली होती." डॉक्टरांचा दाखलाही कुठूनसा आला. आम्ही शपथपत्र टाइप केले. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून मजकूर वाचून दाखविला व समजावून सांगितला, असे खाली लिहून त्याखाली आमची सही घेतली गेली. आम्ही वाचला खरा, पण भरभर आणि कोर्टाच्या भाषेत. बाबांनी अंगठा दिला. जिना उतरताना त्यांनी आम्हांला विचारले, "भाऊ, कावीळ कोणाला झाली होती?"

आम्ही म्हणालो, "ते कोर्टाचे काम असते, बाबा."

विलंब माफ झाला, अपील दाखल झाले. साहेब म्हणाले, "बघ, कोणाचे काही नुकसान झाले का?"

या वाक्याला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज थोडेसे आहे.

पहिली गोष्ट, त्या खोट्याची बाबांना गरजच नव्हती. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराने भोगावी काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली, रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात, स्पष्ट मत दिले होते. वकील नेमून, फी देऊन, विश्वासाने गावी बसलेल्या माणसाला वकिलाच्या गैरहजेरीमुळे शिक्षा होऊ नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे "आमच्या कार्यालयाकडून उशीर झाला" हे खरे कारण लिहिले असते तरी बाबांना दाद मागता आली असती. खोट्याची गरज होती ती कार्यालयाच्या नावाला. नाव साहेबांचे राखले गेले आणि खोटी शपथ घातली गेली ती मात्र कार्यालयातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या अंगठ्याखाली. आणि आम्ही ती वाचून दाखवली.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या दोषाची. "आम्ही तर नोकर, आमचा काय संबंध?" हे समाधान आम्ही बरीच वर्षे करून घेतले. गंमत अशी, की कायद्यानेही एकेकाळी जवळजवळ असेच म्हटले होते. १९६२ साली मुंबईच्या एका सॉलिसिटर फर्ममधील कर्मचाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे. सॉलिसिटरची सेवा त्याच्या स्वतःच्या बुद्धीवर आणि ज्ञानावर चालते. कारकून, टंकलेखक यांच्या कामाचा त्या सल्ल्याशी थेट संबंध नाही, म्हणून अशी फर्म हा कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' नव्हे, असे त्यात ठरले. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत बाजूला सारले. पुढे १९८४ साली केरळमधील एका वकील-फर्मच्या कारकुनाचे प्रकरण आले, तेव्हा वकिलाचे कार्यालय हे तेथील दुकाने कायद्याखालील 'व्यापारी आस्थापना' नाही, असा निर्णय झाला आणि त्या कायद्याचे संरक्षण त्या कारकुनाला मिळाले नाही.

हे निकाल कायद्यातील शब्दांच्या अर्थापुरते होते, नीतीचे नव्हते. पण आम्ही अनुभवाने एवढे सांगू शकतो, की पगाराची गोष्ट निघाली की कारकुनाचा कामाशी थेट संबंध नसतो, आणि चूक झाली की मात्र सगळा संबंध त्याचाच असतो. दोन्ही खोटे आहे. आमचा संबंध होता. म्हणून आमचा हक्क होता, आणि म्हणूनच आमची जबाबदारीही होती.

किती जबाबदारी? या प्रश्नावर ख्रिस्तसभेत फार पूर्वी विचार झाला आहे. मालक दुसऱ्याच्या घरात वाईट हेतूने शिरत आहे आणि नोकर त्याच्यासाठी शिडी धरतो. नोकरी जाईल, मार बसेल या भीतीने त्याने ती धरली, तर त्याचा गंभीर दोष नाही, असे काही पंडित म्हणत. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी ही सवलत नाकारली. भीतीमुळे दोष हलका होऊ शकतो; पण जाणूनबुजून शिडी धरणारा केवळ नोकर म्हणून निर्दोष ठरत नाही. पुढे संत अल्फोन्सस लिगोरी यांनी अशा प्रश्नांचा बारकाईने विचार केला. नोकराच्या हातून होणाऱ्या प्रत्येक कामाला त्यांनी एकाच मापाने मोजले नाही. कृत्य मुळातच वाईट आहे काय, वाईटाच्या किती जवळ आहे आणि नोकरापुढे दुसरा मार्ग किती उरला आहे, हे पाहावे लागते.

या संतांचा उल्लेख आणखी एका कारणाने करावासा वाटतो. ते स्वतः नेपल्सचे नावाजलेले वकील होते. १७२३ साली एका मोठ्या खटल्यात एका दस्तऐवजाचा अर्थ त्यांच्या नजरेतून निसटला आणि खटला हातचा गेला. चूक कारकुनावर ढकलता आली असती. त्यांनी ती आपली म्हणून मान्य केली आणि वकिलीच सोडली. प्रत्येक वकिलाने वकिली सोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण चूक आपली म्हणणे हे धैर्याचे काम आहे, आणि ते वरच्या माणसाने केले की खालच्या दहा माणसांना खोटे बोलावे लागत नाही.

इथे आमच्या मते मुख्य मुद्दा येतो. कार्यालयातला गोंधळ हा केवळ कार्यक्षमतेचा प्रश्न आहे असे आपण समजतो. तसे नाही. वही न ठेवणे, पगार वेळेवर न देणे, तिघांनी तीन हुकूम सोडणे, यातून पाप खाली उतरत जाते. वरच्याला खोटे बोलावे लागत नाही. खोटे बोलते ते दारात बसलेले माणूस, ज्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही. जे वकिलांकडे तेच कारखान्यात. यंत्र न पाहता आकडे भरायला सांगितले जाते, तेव्हा वहीवर सही पाळीच्या कामगाराची असते. म्हणून ज्यांच्या हाताखाली दोन माणसे जरी काम करीत असतील, त्यांनी स्वतःला विचारावे, "माझ्या अव्यवस्थेमुळे आज कोणाला खोटे बोलावे लागले काय?" आपली व्यवस्था नीट लावणे हाही न्यायाचाच भाग आहे.

आणि जे दारात बसतात त्यांनी काय करावे? नोकरी सोडा, असे सांगणे सोपे आहे, पण ते सांगणाऱ्याला दुसऱ्याच्या घरचे भाडे भरायचे नसते. आम्ही एवढेच सांगू, की गोंधळ सहन करणे आणि खोट्यावर सही करणे यांत फरक आहे. पहिले पोटासाठी करावे लागते; दुसऱ्याआधी निदान एकदा तरी तोंड उघडावे. "साहेब, खरे कारण लिहू या का?" एवढे एक वाक्य. साहेब रागावले असते. कदाचित ऐकलेही असते. आम्ही विचारलेच नाही, म्हणून ते कधी कळले नाही. "साहेब कोर्टात आहेत" याऐवजी "बाबा, अजून काम झालेले नाही, तुम्ही स्वतः साहेबांना भेटा," एवढे सांगायलाही कोणाची परवानगी लागत नव्हती. ते वाक्य वेळेवर बोललो असतो तर मुदत टळलीच नसती.

आम्ही पुढे ती नोकरी सोडली. अपिलाचे काय झाले हे नंतर कळले नाही, आणि आम्ही विचारायलाही गेलो नाही. एकदा मनोरला जाणे झाले तेव्हा बाबांची चौकशी केली. ते वारले होते. त्यांच्या मुलाला आम्ही जे सांगायचे ते सांगितले. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाबा घरी सांगायचे, कोर्टाने मला आजारी केला होता म्हणून."

म्हणजे त्यांना सगळे समजले होते. समजले नव्हते असे आम्हीच धरून चाललो होतो.