सर्ज लाइनच्या अलीकडे आणि पलीकडे

घाटकोपर-असल्फाच्या डोक्यावरून विमानं उतरतात तेव्हा त्यांच्या इंजिनांत एक न दिसणारी सीमा सतत सांभाळली जात असते. इंजिनवाले तिला सर्ज लाइन म्हणतात. कॉम्प्रेसरमधला, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातला, हवेचा प्रवाह ठरावीक प्रमाणाखाली गेला की ही सीमा ओलांडली जाते आणि दाब कोसळतो. कित्येक दशकं यावर एकच उपाय होता, तिच्यापासून लांब राहण्याचा. त्या अंतराला सर्ज मार्जिन म्हणतात. पण जास्तीत जास्त दाब मिळतो तो बहुतेक वेळा या सीमेच्या काठाशीच. म्हणजे सुरक्षिततेची किंमत प्रत्येक उड्डाणात मोजावी लागते.

सीमेपलीकडे घडतं काय? प्रवाह कमी झाला की हवा पात्यांवर जास्त तिरकी येते आणि पात्याच्या पाठीवरून सुटते. तिथली वाट तुंबते. अंधेरीला लोकलच्या एका दारात माणसं अडली की गर्दी शेजारच्या दाराकडे लोटते आणि तेही तुंबतं, तसाच हा प्रकार. एका बाजूच्या पात्यावरचा भार वाढतो, दुसऱ्या बाजूचं पातं मोकळं होतं. त्यामुळे तुंबलेला पट्टा पात्यांच्या चक्राभोवती फिरू लागतो, पण रोटरपेक्षा, म्हणजे खुद्द फिरत्या चक्रापेक्षा, बराच सावकाश. हा रोटेटिंग स्टॉल. त्याचं हे स्पष्टीकरण एमन्स, पिअर्सन आणि ग्रँट यांनी 1955 मध्ये मांडलं. सर्ज याहून वेगळा असतो. त्यात सगळाच प्रवाह मागेपुढे हेलकावतो, कधी उलटाही फिरतो.

माझ्या मते विचाराला खरं वळण मिळालं ते 1976 मध्ये. एडवर्ड ग्रायट्झर यांनी दाखवलं, की स्टॉल होणार की सर्ज, हे एकट्या कॉम्प्रेसरवर ठरत नाही. पुढच्या पोकळीचं आकारमान, नळीची लांबी आणि पात्यांचा वेग यांचा मेळ एका संख्येत बसतो आणि निकाल त्या संख्येवर लागतो. दोष पात्यांचा नसून सगळ्या जोडणीचा आहे, हे एकदा मान्य केलं की त्या जोडणीत आणखी एक घटक घालता येतो, पाहणारा आणि प्रतिसाद देणारा.

1986 मध्ये एप्स्टाइन, फॉक्स विल्यम्स आणि ग्रायट्झर यांनी नेमकं हेच सुचवलं. यातले फॉक्स विल्यम्स ध्वनिशास्त्रातले. उलट्या लहरीने आवाज शमवण्याचा विचार त्यांच्या परिचयाचा होता. स्टॉल होण्याआधी परिघावर एक बारीक लहर उठते. ती कोवळी असतानाच हेरायची आणि तिच्या विरुद्ध हवा हलवायची. पुढे एमआयटीत पॅडुआनो आणि सहकाऱ्यांनी चक्रापुढे 12 मार्गदर्शक पाती बसवली. प्रत्येक पातं स्वतंत्रपणे वळणारं. सेन्सर लहर मोजत, पाती तिच्याबरोबर फिरत्या क्रमाने वळत आणि कॉम्प्रेसर पूर्वी कोसळायचा त्याहून कमी प्रवाहातही स्थिर चाले. त्याच सुमारास, 1993 मध्ये, केंब्रिजच्या आयव्हर डे यांनी एक अडचणीची गोष्ट पुढे आणली. काही कॉम्प्रेसरमध्ये अशी रुंद लहर उठतच नाही. मोजक्या पात्यांपुरती टोकदार गडबड उठते आणि काही फेऱ्यांतच सगळं संपतं. हेरायला वेळच उरत नाही.

दुसरी अडचण परतीची. एकदा स्टॉल झाला की थ्रॉटल, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणारी झडप, जराशी उघडून भागत नाही, बरंच मागे यावं लागतं. लिऑ आणि अबेद यांनी 1996 मध्ये दाखवलं, की थ्रॉटलला योग्य फीडबॅक दिला तर स्टॉलमध्ये अचानक कोसळणारा हा कडा हळूहळू उतरणारा करता येतो. हाच धागा पवईत पुढे नेला गेला. आयआयटी मुंबईत अनंतकृष्णन यांनी वैद्य आणि वाळिंबे यांच्यासह बायफर्केशन पद्धतीने, म्हणजे एखादी राशी बदलत नेताना यंत्राचं वर्तन कुठे पालटतं ते शोधत, स्टॉल, सर्ज आणि त्यांचं नियंत्रण यांचा अभ्यास केला. तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. एका बिंदूपाशी यंत्र स्थिर आहे का, एवढंच पाहून भागत नाही. मोठा धक्का बसल्यावर ते कुठे जाऊन पोहोचेल याचा पूर्ण नकाशा हवा, आणि या पद्धतीने तो काढता येतो.

प्रवासी विमानांत मात्र मुख्य भिस्त आजही जादा हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लीड व्हॉल्व्हवर आणि कोन बदलता येणाऱ्या स्थिर (स्टेटर) पात्यांवर आहे, आणि हे मला रास्त वाटतं. फीडबॅकच्या आधाराने सीमेपलीकडे चालणाऱ्या इंजिनाचा एक सेन्सर उड्डाणाच्या वेळी गेला, तर त्या क्षणी ते स्वतःच्या बळावर उभं राहू शकत नाही. म्हणून हे तंत्र आधी सीमेच्या अलीकडे वापरावं. मार्जिन थोडं कमी करावं आणि वाऱ्याच्या झोताने किंवा झिजलेल्या पात्यांनी लहर उठलीच तर ती दाबावी. नियंत्रण बंद पडलं तरी इंजिन चालत राहील, एवढं अंतर राखूनच.