नियत साफ, तरीही

अंगावर रिक्षा येताना आम्ही दोन वर्षांच्या लेकीला मनगट धरून मागे ओढले. ती वाचली, पण हात हलवीना. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "पडली." हाड मोडल्याच्या शंकेने त्यांनी एक्स-रे लिहून दिला. रांगेत ती कण्हत राहिली. शेवटी आम्ही परत जाऊन खरे सांगितले. ओढीने कोपराचे हाड जरासे सरकले होते. लहानग्यांत असे पुष्कळदा घडते. डॉक्टरांनी हात फिरवून दुमडला. काही मिनिटांत तिने त्याच हाताने बिस्किट घेतले.

वर्गात 'खरे बोला' शिकवणारे आम्ही खोटे का बोललो? लेकीच्या दुखण्यापेक्षा आमची लाज मोठी ठरली. नियत अल्लाह जाणतो. डॉक्टरांना मात्र घडले तेच सांगावे लागते. आणि नियत साफ असेल, तर कबुलीला भ्यायचे कशाला?