विद्यादानाचा जाब

पोटापाण्यासाठी परदेशी जाणे आपल्या समाजास आता नवे राहिलेले नाही. मुलगा नोकरीसाठी समुद्रापार गेला तर विंचूर-लासलगावकडच्या घरांतही शेजारीपाजारी पेढे मागतात आणि घरचे ते आनंदाने वाटतात. परंतु तोच पदवीधर मुलगा किंवा मुलगी, पगार न घेता, केवळ जेवणखाण आणि निवारा एवढ्यावर, परमुलखातल्या एखाद्या खेड्यात वर्ष-दोन वर्षे मास्तरकी करावयास निघाली, म्हणजे मात्र घरात आनंदापेक्षा गोंधळच अधिक उडतो. वडील विमानभाड्याचा हिशेब मांडतात, आई तिकडच्या हवापाण्याची चौकशी करते, आणि आजी सरळच विचारते, "शिकवायचंच आहे ना, मग आपल्या विंचुरात मुलं नाहीत का रे?" वडिलांस आणि आईस देण्याजोगी उत्तरे असतात. आजीस काय सांगावे हे कोणासच सुचत नाही. आमच्या मते त्या भाबड्या वाटणाऱ्या प्रश्नात नीतिशास्त्रातील एक अवघड प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार सुशिक्षितांनी हसण्यावारी नेऊ नये.

सामान्यतः त्यास दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, मूल ते मूल. ते निफाड तालुक्यातले असो वा आफ्रिकेतले, अज्ञान दोन्हीकडे सारखेच दुःखद आहे. हे खरे आहे. परंतु दोन्ही मुले सारखीच असतील तर दूरचे मूल निवडण्याचे कारण या उत्तरात सापडत नाही. दुसरे उत्तर असे की, परदेशात राहिल्याने दृष्टी विशाल होते, जग दिसते, मनुष्य स्वतःच्या पायावर उभा राहतो. हेही खरे आहे, आणि पहिल्यापेक्षा अधिक प्रांजळ आहे. मात्र ते मान्य केले की लाभ कोणाचा आणि उपकार कोणावर, हा प्रश्न उलटाच उभा राहतो. ज्या प्रवासात आपणच अधिक मिळवून येणार, त्यास 'सेवा' हे नाव देण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो?

आपल्याकडे विद्येच्या देण्यास दानच म्हटले आहे. पण दान ही वस्तू आपल्या पूर्वजांनी सोपी मानली नव्हती. गीतेने सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र यांचा विचार जोडून दिला. धर्मशास्त्राने प्रतिग्रहाचे, म्हणजे दान घेण्याचे, ओझे ओळखले. विद्येच्या बाबतीत तर शिष्याने गुरूकडे जावे अशीच रीत होती. तहानलेल्याने विहिरीकडे जावयाचे. विहीर कोणाच्या दारी जात नसते. धर्मानंद कोसंबी गोव्यातून निघाले ते पुणे, काशी, नेपाळ असे हिंडत १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचले, ते विद्यार्थी म्हणून. पालीचे अध्ययन पुरे झाल्यानंतर १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात त्यांना काम मिळाले, ते तेथील पंडितांस त्यांच्या ज्ञानाची गरज होती म्हणून. आजच्या स्वयंसेवक-शिक्षकाने हा क्रम फिरविला आहे. तो न बोलावता जातो, आणि शिकण्याआधी शिकवू लागतो. एवढ्याने त्याचे काम वाईट ठरत नाही. परंतु बोलावलेल्या गुरूवर जी बंधने आपोआप पडतात ती त्याच्यावर पडत नाहीत, हे ओळखले पाहिजे.

ती बंधने कोणती? जुन्या काळचा गावठी शाळेचा पंतोजी घ्या. त्याची विद्या बेताची, छडी मात्र सढळ. पण मुलांच्या घरून त्याला धान्य मिळे, आणि ज्या घरून पायली-दोन पायली जाई त्या घरास "आमच्या पोराला अजून पावकी का येत नाही?" असे विचारण्याचा हक्क असे. धान्य हा त्याचा पगार होता, तसाच तो गावाच्या हातातला लगामही होता. पगार न घेणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत हा लगाम नाहीसा होतो. फुकट मिळालेल्या वस्तूची प्रतवारी कोणी विचारीत नाही. फुकट शिकविणाऱ्यास जाब विचारणे तर कृतघ्नपणाचे वाटते. पगार न घेणे हा त्याग आहे हे निर्विवाद. पण त्या त्यागाबरोबर गावाचा विचारण्याचा हक्कही नकळत काढून घेतला जातो, तो परत कसा द्यावयाचा, हाच या विषयातला खरा प्रश्न होय.

कल्पना करा की, सातासमुद्रापलीकडचा एखादा सद्भावी तरुण चार महिन्यांसाठी विंचूरच्या परिसरातील एखाद्या शाळेत इंग्रजी शिकवावयास आला आहे. उन्हाळ कांद्याच्या लागणीचे दिवस आले आणि वर्गातली निम्मी बाके रिकामी झाली. पालकांस शिक्षणाची किंमत नाही, असे तो घरी लिहिलेल्या पत्रात कळवील. रोप वेळेवर वाफ्यात गेले नाही तर त्या घराचे वर्ष वाया जाते, आणि लासलगावच्या बाजारात भाव पडला तर पुढच्या वर्षीच्या वह्यापुस्तकांचाच प्रश्न उभा राहतो, हे त्याला ठाऊक नसते. आणि ठाऊक होईपर्यंत त्याची परतीची तारीख आलेली असते. आपला मुलगा केनियात किंवा पेरूत गेला तर तोही तेथे नेमका असाच परका असणार, ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही.

ही शंका आमचीच आहे असे नाही. १९५८ मध्ये इंग्लंडात 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था निघाली तेव्हा तिने प्रथम पाठविले ते नुकतीच शाळा संपविलेले तरुण होते. पदवीधरांस धाडण्याचा क्रम नंतर सुरू झाला. १९६१ मध्ये अमेरिकेने 'पीस कोअर' स्थापन केले. त्याचे स्वयंसेवक त्याच वर्षी भारतातही आले आणि १९७६ पर्यंत येथे त्यांचे काम चालले. अशाच सद्भावनेने मेक्सिकोस निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे १९६८ मध्ये इव्हान इलिच यांनी भाषण केले. प्रवासी म्हणून या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका, असा त्याचा कठोर सारांश होता. त्या कठोरतेत सत्य आहे. परंतु ते सारे सत्य आहे असे आम्हांस वाटत नाही. कारण मेक्सिकोचेच एक उदाहरण महाराष्ट्रास जवळचे आहे, आणि ते निराळी साक्ष देते.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. मायदेशाचे दार बंद झालेला हा क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचला, आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाला. राज्यक्रांतीनंतर तेथील शेतकऱ्यांच्या हाती जमीन येत होती, पण नव्या शेतीची विद्या सर्वांच्या हाती आली नव्हती. खानखोजे यांनी विद्यालयातले काम सांभाळून शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. मका हे मेक्सिकोचे स्वतःचे धान्य; ज्वारी-कापसाच्या मुलखातून आलेल्या मनुष्याने मक्याच्या माहेरी जाऊन मका शिकवावयाचा, तर प्रथम तेथल्या शेतकऱ्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हते. सुमारे तीस वर्षे ते तेथे राहिले, स्पॅनिश भाषेत वावरले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर पंक्तीस बसलेल्या गरिबांना भाकरी वाटणारा म्हणून त्यांचेच चित्र रंगविले. पुढे भारतात परतून १९६७ मध्ये नागपुरास त्यांनी देह ठेवला. खानखोज्यांपाशी परतीची तारीख नव्हती. शिकविलेले बियाणे उगवले नाही तर ज्यांच्या शेतात ते उगवले नाही त्यांच्याच शेजारी त्यांना राहावयाचे होते. लगाम कोणी घातला नव्हता, तो परिस्थितीने घातला.

आता कोणी म्हणेल की असे अज्ञातवासाचे भाग्य, किंवा दुर्भाग्य, प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. ते खरे आहे. पण लगाम स्वखुशीनेही घालून घेता येतो. पुण्याच्या हुजूरपागेत शिकविणाऱ्या अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीस गेल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत रमल्या. अंतर काही कोसांचे. परंतु भाषा, अन्न, दिवसाची वेळापत्रके, सारे निराळे. पुण्याच्या बाईस तो परदेशच होता. मुले शाळेत येत नाहीत याचे कारण त्यांस लवकरच उमगले: ती गुरे राखावयास जात. तेव्हा मुलांस दोष न देता शाळाच कुरणात नेण्यात आली, आणि 'कुरणशाळा' हा शब्द मराठीस मिळाला. १९९२ मध्ये निवर्तेपर्यंत अनुताई डहाणूच्या त्या परिसरातच राहिल्या. रिकाम्या बाकाचा जाब त्यांनी मुलाकडे मागितला नाही, स्वतःच्या शाळेकडे मागितला.

परदेशी राहिलेल्या शिक्षकांच्या गोष्टी आपण आवडीने ऐकतो: पहिल्या दिवशी चुकीचा शब्द उच्चारला आणि सारा वर्ग हसला, बाजारात खुणांनी भाव करावा लागला, पावसात रस्ता वाहून गेला तेव्हा अनोळखी माणसाने घरी नेऊन निजावयास जागा दिली, ताप आला तेव्हा शेजारणीने पेज करून आणली. सांगणारा यांस साहसे म्हणतो. बारकाईने पाहिले तर त्यांतील बहुतेक साहसे दुसऱ्यांनी त्याच्यावर केलेल्या उपकारांची टिपणे असतात. वर्गात तो दाता असतो. वर्गाबाहेर पाऊल टाकताच पाणी कोठून भरावे हे दहा वर्षांच्या मुलाने त्यास शिकवावे लागते. हा अनुभव ज्याला ऋण म्हणून कळला, तोच दुसऱ्या दिवशी वर्गात थोडा नम्र होऊन उभा राहील. ज्याला तो केवळ गंमत म्हणून कळला, त्याने जग पाहिले खरे, पण जगाने त्याला काय दिले हे त्याला दिसले नाही.

म्हणून परदेशी शिकवावयास निघालेल्या मुलास अडवावे, असे आम्ही म्हणत नाही. त्याने काही गोष्टी पत्करून मात्र जावे. तेथील भाषा शिकण्यास वर्गात शिकविण्याइतकेच महत्त्व द्यावे. एक पीक पेरून निघेपर्यंत तरी, म्हणजे निदान पुरते वर्ष, राहावे. तेथील मुख्याध्यापकाच्या हाताखाली, त्याच्या नियमांनी काम करावे. आणि गावाने भाजीभाकरी, खोली, जे काही आपण होऊन देऊ केले, ते संकोच न करता घ्यावे, कारण त्या भाकरीबरोबर जाब विचारण्याचा हक्क गावाकडे परत जातो. शेवटची गोष्ट अशी की, आपण निघून आल्यावर ते काम चालवील असा तेथलाच कोणी तयार झाला की नाही, यावरून आपल्या वर्षाची किंमत करावी. आपल्या छायाचित्रांवरून नव्हे.

आणि आजीचा प्रश्न? त्याचे उत्तर निघताना देताच येणार नाही. विंचुरात मुले आहेत, हे आजीचे म्हणणे खरेच आहे. परक्या गावात रिकाम्या बाकामागचे शेत पाहावयास जो शिकून आला, त्याला आपल्या गावातली रिकामी बाकेही दिसू लागतील. मग तो दर शनिवारी का होईना, कोणाच्या ओसरीवर चार मुले घेऊन बसला, तर आजीस शब्दाने काही सांगावे लागणार नाही. आणि तसा तो बसला नाही, तर आजीचा प्रश्न जेथल्या तेथे उभा आहे असे समजावे.