ओतणाऱ्या हाताचे दायित्व

रायपूरमध्ये बिलासपूर मार्गालगत असलेल्या भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वसाहतीत पगारावर मद्य मोजून देणाऱ्या बारटेंडरच्या पापपुण्याचा विचार धर्मग्रंथांनी स्वतंत्रपणे क्वचितच केला आहे. निषेध होतो तो पिणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा. अंगुत्तरनिकायातील वणिज्जसुत्त उपासकाला, म्हणजे गृहस्थ अनुयायाला, शस्त्रे, जीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगते, आणि छत्तीसगढातच गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाने मद्य निषिद्ध मानले. मात्र याच भूमीतील गोंड समाजात मोहाची दारू देवाला वाहिली जाते, त्यामुळे दोष केवळ द्रव्यात आहे असे म्हणणे अवघड होते. शिवाय बारटेंडर माल किंवा नफा यांपैकी कशाचाच धनी नसतो. आणि मद्यबंदीसाठी प्रयत्न करण्याचे दायित्व संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने ज्या राज्यसंस्थेवर टाकले, तीच २०१७ पासून छत्तीसगढात आपल्या महामंडळामार्फत किरकोळ दारू विकते, हा विरोधाभास लहान नाही.

महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध हा मिथिलेचा मांसविक्रेता कौशिक ब्राह्मणाला सांगतो की तो स्वतः प्राणी मारत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. ‘मी पीत नाही, फक्त देतो’ हा बारटेंडरचा युक्तिवाद त्याच जातीचा असला, तरी तो येथे दुबळा पडतो, कारण व्याधाच्या दुकानात हत्या आधीच घडलेली असते, तर बारमध्ये हानी बारटेंडरच्या डोळ्यांदेखत, एकेका पेगने वाढत जाते. तीस किंवा साठ मिलिलिटरचे माप पाळणे, ग्राहकाचे वय पाहणे, हिशेब ठेवणे, ड्राय डेला विक्री बंद ठेवणे ही कामे नियमाने भागतात. झिंगलेल्या माणसाला आणखी न देण्याचे काम मात्र दर वेळी नव्याने ठरवावे लागते. बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, अर्थात करणाऱ्याचा हेतू, असे मानले असल्याने त्याच बाटलीतून त्याच हाताने ओतलेला पहिला आणि सातवा पेग ही एकच कृती ठरत नाही.

तरीही हे दायित्व एकट्या नोकरावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण ज्याची बक्षिशी बिलाच्या रकमेवर अवलंबून असते आणि ज्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर टिकते, त्याच्या नकाराची किंमत त्यालाच मोजावी लागते, आणि तो नकार मालकाने आधी मान्य केलेला नसेल तर सम्यक आजीविका, म्हणजे निर्दोष उपजीविका, हा प्रश्न प्रथम मालकाला आणि परवाना देणाऱ्या शासनाला विचारला पाहिजे.