वारसा आणि प्रतिनिधित्व

मार्टिन हायडेगर यांच्या ‘काळ्या वह्यां’चे पहिले खंड २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये ग्युंटर फिगाल यांनी मार्टिन हायडेगर सोसायटीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. व्यक्तीचे नाव धारण करणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष काही अंशी त्या व्यक्तीचा प्रतिनिधी ठरतो. वह्यांतील ज्यूविरोधी मजकूर वाचल्यावर तसे प्रतिनिधित्व करण्याची इच्छा उरली नाही, अशी त्यांची भूमिका होती.

हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात गेले, हे १९८५ मध्ये संस्था स्थापन करणाऱ्यांना अर्थातच ठाऊक होते. परंतु तो व्यक्तीचा दोष मानून विचार निराळा काढता येत असे. वह्यांमध्ये हा द्वेष अस्तित्वाच्या इतिहासाविषयीच्या चिंतनातच शिरलेला दिसतो आणि ती सोयीची वाटणी ढासळते. (या वह्या समग्र ग्रंथावलीच्या अखेरीस छापाव्यात, ही योजना खुद्द हायडेगरांचीच!)

फिगाल यांचा राजीनामा प्रतिनिधित्वाचा होता, अभ्यासाचा नव्हे. हा भेद प्रामाणिक आहे. पण तो पुरेसा आहे काय? विद्वत्संस्थेने तत्त्वज्ञाचे प्रतिनिधित्व करावेच कशासाठी, हा मूळ प्रश्न त्यातून सुटत नाही. संस्था म्हणजे मठ नव्हे, असे मानले तर तिचे अध्यक्षपद हायडेगरांच्या कठोरातील कठोर टीकाकारालाही भूषविता आले पाहिजे. अस्वस्थ झालेला अभ्यासक बाहेर पडतो, तेव्हा वारशाची राखण बहुधा ज्यांना अस्वस्थता शिवलीच नाही, त्यांच्याकडे जाते.