चाकांवरचं घर

हिवाळा लागला की अमेरिकेतली कितीतरी निवृत्त माणसं चाकांवरचं घर घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरतात. क्वार्टझ्साइटजवळच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहण्याचा परवाना १८० डॉलरला मिळतो. हे व्हिडिओ मी जवळा बाजारला टपरीवर बघतो, तेव्हा समोरून ऊसतोडीला निघालेली ट्रॅक्टरं जातात. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, लेकरं. महिने जवळपास तेच. तिकडची ती सहल, इकडचं हे स्थलांतर.

फरक नुसता पैशाचा नाही, गाडी वळवण्याचा आहे. तिथं कंटाळा आला की निघता येतं. इथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्यानं मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. ती फिटेपर्यंत कोपी सोडायची नाही.

परवा गाठोड्यांवर बसलेली एक पोरगी मात्र वारा खात हसत होती. तिला विचारलं असतं, तर ती सहलच म्हणाली असती.